टीव्हीतला बा

आमच्या क्वार्टरमध्ये टीव्ही आला तेव्हा खापरखेड्याच्या आमच्या लाइनीत तो एकटाच होता. काळापांढरा, सरकत्या लाकडी दारांच्या पेटीत बसलेला. बाबा विजेच्या प्लांटमध्ये बॉयलरवर होते. यंत्राला पोरांनी हात लावायचा नाही हा तिथला नियम त्यांनी घरीही आणला होता, त्यामुळे ती दारं उघडायचा मान फक्त त्यांचा. दर रविवारी सकाळी अंघोळ करून, भांग पाडून ते दारं सरकवायचे, बटण फिरवायचे, चित्र स्थिर झालं की फरशीवर दाटीवाटीनं बसलेल्या कॉलनीतल्या पोरांकडे एकदा समाधानानं बघायचे आणि पेपर घेऊन अंगणात जाऊन बसायचे. आत काय दाखवतात याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. यंत्र चालतंय ना, मग झालं.

पोरांची गर्दी असायची ती एका हिंदी मालिकेसाठी. एका शहरी घरातले आजोबा मरतात, पण जात नाहीत. लोखंडी कपाटात मुक्काम ठोकून बसतात. ते दिसतात फक्त घरातल्या दोन वयात आलेल्या नातवंडांना. मोठी माणसं खोलीत आली की म्हातारा घाबरतो आणि कपाट गाठता आलं नाही तर सरळ नातवाच्या अंगात शिरतो. मग तो मिसरूड फुटलेला पोरगा दोनदा खोकायचा, मांडीवर थाप मारायचा, घोगऱ्या आवाजात स्वतःच्याच बापाला झापायचा आणि शेवटी म्हणायचा, "तय हो गया तो हो गया!" बापाला काही कळायचं नाही, पण तो आवाज ऐकून त्याचे हात आपोआप जोडले जायचे. आम्ही हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडायचो. आईसुद्धा लाटणं हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारातून बघायची.

मला तेव्हा चौदावं लागलं होतं आणि नकला करायची खोड होती. शाळेतले सगळे मास्तर करून झाले होते. हा म्हातारा तर माझा हातखंडा. मी त्याला वऱ्हाडी केलं होतं. दोनदा खोकायचं, थाप मारायची आणि म्हणायचं, "ठरलं म्हंजे ठरलं!" टीव्हीवर ही जागा आली की सगळी पोट्टी वळून माझ्याकडे बघायची आणि मग मी करून दाखवायची, असा आमच्या घरचा रिवाजच पडून गेला होता.

माझी खरी प्रेक्षक मात्र ताई. ताई म्हणजे आत्याची मुलगी, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. गावात दहावीच्या पुढे काही नव्हतं, म्हणून ती आमच्याकडे राहून नागपूरच्या कॉलेजात सायन्सला जायची. सकाळच्या बसनं जायची, दुपारी चिमणीची राख अंगावर घेऊन परतायची आणि जेवण झालं की गणितं घेऊन बसायची. मला गणिताचा तिटकारा, पण ती गणित सोडवताना बघायला मला आवडायचं. उत्तर आलं की ती एकटीच हसायची.

ताईचे वडील ती लहान असतानाच गेले. तेव्हापासून आत्या दिराच्या घरी राहायची. ताईच्या काकांना कोणी वाईट माणूस म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. भावाच्या बायकोला आणि पोरीला त्यांनी कधी उपाशी ठेवलं नाही की उणं बोलले नाहीत. फक्त घरात बोलायचं ते त्यांनीच. बाकीच्यांनी ऐकायचं. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं, कारण कापूर तेच ठेवायचे. शेताच्या धुऱ्यावरून भांडण झालं, कोणाचं ढोर कोणाच्या वावरात शिरलं, की दोन्हीकडची माणसं मारोतीच्या पारावर यायची. ज्याला आपलं खरं वाटतं त्यानं तळहात पुढे करायचा. काका त्यावर कापराची वडी ठेवून पेटवायचे आणि सर्वांदेखत त्याला प्रश्न विचारायचे. ती विझेपर्यंत ज्यानं हात हलवला नाही त्याचा शब्द राहिला. मग समोर सख्खा भाऊ असो की पाटील, काका मागे फिरले नाहीत. हे आत्याच आम्हाला कौतुकानं सांगायची.

आणि त्याच काकांनी ताईचं लग्न ठरवलं. कळमन्याला धान्याची अडत असलेलं घर, काकांचा माल वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच जायचा. मुलगा ताईपेक्षा बराच मोठा, पोत्यात नळी खुपसून मूठभर धान्य काढावं आणि तळहातावर पारखावं तसा माणसांकडे बघणारा. त्याला शिकलेली बायको नको होती, स्पष्टच म्हणाला होता. येत्या उन्हाळ्यात लग्न, आणि त्याआधी पोरीनं घरी येऊन घरकाम शिकायचं. बाबांनी गावी जाऊन एकदा विरोध करून बघितला. "मामानं मांडवात पोरीले घेऊन यावं, तेवढंच मामाचं काम," असं ऐकून परत आले.

थंडी सरत आली होती तेव्हा आत्या ताईला न्यायला आली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, अशी तिची गत. रडली नाही, भांडली नाही, आल्या आल्या आईबरोबर भाज्या निवडायला बसली. ताई मागच्या खोलीत ट्रंक उघडी टाकून नुसती बसली होती. पुस्तकं आत ठेवायची की इथेच सोडायची हे तिला ठरवता येत नव्हतं. मला तिचं ते बसणं बघवेना. मला राग आला की मी नकला करते, तेव्हाही तशीच होते.

मी गादीवरची गोधडी डोक्यावरून घेतली, दाराकडे पाठ करून तिथेच बसले, दोनदा खोकले आणि मांडीवर थाप मारली.

"काहून रडून राहिली वं पोट्टे? कोनाची छाती हाय तुले इथून नेयाची?"

ताई ओठ दाबून हसायला लागली. मला हुरूप आला. मी आणखी घोगरा आवाज काढला, आणखी खोकले. मागे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. चहाची बशी होती. दारात आत्या उभी होती, आणि मी वळायच्या आत ती खाली बसली.

"बा," ती म्हणाली. "तू आला गा?"

आमचे आजोबा, म्हणजे आत्याचे आणि बाबांचे वडील, माझ्या जन्माआधीच गेले होते. त्यांना दमा होता हे मला नंतर कळलं. म्हातारा माणूस खोकणार नाही तर काय करेल? मांडीवर थापही सगळेच म्हातारे मारतात. पण आत्याच्या गावी वाडवडील अंगात येणं ही रोजच्यातली गोष्ट, आणि तिच्या गावात टीव्ही नव्हता. मी त्याच क्षणी गोधडी फेकून हसले असते तर सगळं तिथंच संपलं असतं. पण आत्यानं उसंतच दिली नाही. कपाळ फरशीला लावून तिनं एका दमात विचारलं.

"बा, पोरीले त्या घरी देऊ का नोको?"

ताईची बोटं माझ्या दंडात रुतली. तिनं ती मुद्दाम रुतवली की घाबरून, हे तिला स्वतःलाही कधी सांगता आलं नाही.

"नोको," मी म्हणाले. "ठरलं म्हंजे ठरलं."

आणि गोधडीसकट आडवी झाले, कारण पुढे काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. आत्यानं माझे पाय चेपले. ऊदबत्ती लावली. मी डोळे मिटून पडले होते आणि छाती इतकी धडधडत होती की गोधडी हलत असेल असं वाटत होतं.

आईला कळलं तेव्हा तिनं माझ्याकडे फक्त एकदा बघितलं. ती मालिका बघायची, तिला सांगायची गरज नव्हती. बाबा ड्यूटीवरून आले, आत्यानं त्यांना सगळं सांगितलं. खोकला, थाप, शब्द, सगळं. बाबांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. मला वाटलं आता कानाखाली बसणार. पण ते अंगणात गेले, नळाखाली हातपाय धुतले आणि मग मला बोलावलं.

"आवाज कसा होता वं?" त्यांनी विचारलं.

मी मान खाली घातली. खरं सांगितलं तर ताई त्याच संध्याकाळच्या बसनं जाणार होती. मी म्हणाले, "मले आठोत नाही." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि आत गेले. त्या हातानं मला जेवढं रडवलं तेवढं कानाखाली बसली असती तरी रडवलं नसतं.

आत्या ताईला न घेताच गावी परतली. जाताना तिची पाठ ताठ होती. मी तिला तशी कधी बघितली नव्हती. दोन दिवसांत काकांचा निरोप आला. ते रविवारी सकाळी स्वतः येत होते, वहिनीला, म्हणजे आत्याला घेऊन आणि गावचा एक जाणता माणूस साक्षीला घेऊन. बा खरंच आले असतील तर आपण त्यांच्या शब्दापुढे नाही, असं त्यांनी कळवलं होतं. पण बांचा शब्द पोट्टीच्या तोंडून आला आहे, तेव्हा पोट्टीच्या हातावर कापूर ठेवून एकदा विचारू. खऱ्याचा हात हलत नाही.

माझं धाबं दणाणलं. ताई मात्र गणित घेऊन बसावी तशी बसली. तिनं सांगितलं, कापूर वरच्या बाजूनं जळतो, ओलसर हातावर चटका उशिरा लागेल. तुरटीच्या पाण्यात हात भिजवून बघू. आई बाजाराला गेली की आम्ही मागच्या धुण्याच्या दगडाशी बसायचो. देवघरातली कापराची डबी रिकामी होत चालली. पहिल्या वेळी मी वडी पेटताच फेकली. दुसऱ्या वेळी थोडं थांबले, मग ओरडले. राखेचा थर देऊन बघितला, हळदीचा लेप देऊन बघितला. ज्योत खाली उतरली की सगळं सायन्स संपायचं आणि हात आपोआप झटकला जायचा.

"राहू दे," ताई शेवटी म्हणाली. "मी सांगून टाकते काकाले. तुहा हात जाळून मले नाही शिकाचं."

"चूप बस वं," मी म्हणाले. मला तिचा इतका राग आला होता की तिची वेणी ओढावीशी वाटली. एवढं सगळं होऊन ही सोडून द्यायला निघाली होती.

कणिक मळताना आईनं माझ्या तळहातावरचा फोड बघितला. तिनं परात बाजूला ओढली, माझ्या हाताला तूप लावलं आणि हळूच म्हणाली, "कापराचं काय होईल ते होईल. पण त्या मानसानं रविवारी टीव्ही नाही पाह्यला पाहिजे."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काका रविवारी सकाळी येणार होते. त्या वेळी आमच्या घरात काय चालू असतं हे अख्ख्या कॉलनीला ठाऊक होतं.

रविवारी आईनं पहाटेच गच्चीवर जाऊन अँटेनाची तार सोडून ठेवली. बाबांना आतलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी नेहमीप्रमाणे भांग पाडून दारं सरकवली, बटण फिरवलं, तर नुसत्या मुंग्या. आई म्हणाली, "बिघडला वाटते. राहू द्या, पाव्हणे येऊन राहिले." पोरं आशेनं बसूनच होती. तेवढ्यात काका आले. पांढरं धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी. मागे आत्या, आणि साक्षीला आणलेले एक हसरे, बोळक्या तोंडाचे म्हातारेबुवा.

ते म्हातारेबुवा टीव्हीसमोरच बसले. आयुष्यात पहिल्यांदा बघणार होते. मुंग्या बघून त्यांनी मान हलवली.

"वा गा वा! साऱ्या दुनियेची लाइट बनवते, अन् घरचा डब्बा बंद!"

हे बाबांना लागलं. दुसरं काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं. आई आतून "राहू द्या, राहू द्या" म्हणत होती, पण बंद यंत्र आणि समोर पाहुणे, हे बाबांना सहन होणं शक्यच नव्हतं. ते तडक गच्चीवर गेले. वर पावलं वाजत होती आणि मी देवाला म्हणत होते की त्यांना तार सापडू नये. बॉयलरवरच्या माणसाला तार सापडायला कितीसा वेळ लागतो! मुंग्या गेल्या, चित्र आलं, पोरांनी एकच गिल्ला केला. बाबा खाली उतरून म्हातारेबुवांच्या शेजारी उभे राहिले. एकदाच, त्या एका रविवारी, ते पेपर घेऊन बाहेर गेले नाहीत.

मी ताईला चिकटून स्वयंपाकघराच्या दाराशी बसले. आत्या पदर सावरून भिंतीला टेकली होती आणि टीव्हीकडे कुतूहलानं बघत होती. कपाट उघडलं. म्हातारा बाहेर आला. बुवा खो खो हसायला लागले, त्यांना तर काही समजावून सांगावंच लागलं नाही. काका हसत नव्हते, पण बघत होते. मी मनातल्या मनात म्हणत होते, आज नको, आजच्या भागात अंगात शिरू नको. मग मालिकेतला बाप खोलीत आला, म्हाताऱ्याची धांदल उडाली आणि पोरगा दोनदा खोकला. त्यानं मांडीवर थाप मारली.

"तय हो गया तो हो गया!"

पोरं हसली आणि रिवाजाप्रमाणे सगळीच्या सगळी वळून माझ्याकडे बघायला लागली.

मी हलले नाही. पोरं वाट बघत राहिली. काकांनी आधी पोरांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा टीव्हीकडे. त्यांना कोडी सोडवायची सवय होती. मारोतीच्या पारावर खोटं बोलणारी माणसं त्यांनी आयुष्यभर बघितली होती.

"वयनी," ते शांतपणे म्हणाले, "तुमचा बा तं टीव्हीत दिसून राहिला."

आत्यानं माझ्याकडे बघितलंच नाही. ती पडद्याकडेच बघत होती. म्हातारा पोराच्या अंगातून निघाला, दोनदा खोकला, कपाटात शिरला, दार लागलं. ती त्या बंद दाराकडे बघत राहिली. बाबांना आता सगळं कळलं होतं, त्यांचा हात बटणाकडे जाऊन तिथेच थांबला होता.

"बंद कर गा ते," आत्या त्यांना म्हणाली. त्यांनी बंद केलं. पोरांपैकी कोणी उठलं नाही.

"चला, झालं," काका म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्याचंच मला जास्त भय वाटलं. "पोरीचे कपडे भरा. आजच नेतो तिले. सोयऱ्यायले शब्द देल्ला हाय मी."

ताई उठली. खरंच उठली, ट्रंकेकडे निघाली. मी तिला थांबवायला दुपट्टा धरला तर तो माझ्या हातात आला.

"भाऊजी, कापूर आनला ना?" आत्यानं विचारलं.

"आनला. पण आता कायले? लहान पोट्टी हाय ते. नक्कल केली, सोडून द्या. तिचा हात कायले जाळता?"

"तिचा नाही," आत्या म्हणाली. "माहा."

ती पुढे सरकली, काकांसमोर मांडी घालून बसली आणि उजवा तळहात पुढे केला. बाईच्या हातावर त्यांनी आजवर कधी कापूर ठेवला नव्हता.

"बाईले देत नाही वयनी."

"मांगितला कोन्या बाईनं आजवर? अन् मांगितला तं द्याचा नाही, असा नियम हाय का?"

काकांनी साक्षीदाराकडे बघितलं. बोळके बुवा आता हसत नव्हते.

"नाही," ते म्हणाले. "जो मांगन त्याले द्या लागते."

काकांनी पिशवीतून डबी काढली. वडी आत्याच्या तळहातावर ठेवली. काडी पेटवली. ज्योत उभी राहिली आणि कापराचा वास खोलीभर झाला. देवघरात तो वास मला आवडायचा. त्या दिवशी मी नाक दाबून धरलं.

"विचारा," आत्या म्हणाली.

"काय विचारू?"

"जे विचाराले आले तेच."

"पोरीले," काका म्हणाले आणि थांबले. "पोरीले त्या घरी देऊ का नोको?"

"नोको."

ती खोकली नाही. आवाज घोगरा केला नाही, डोळे फिरवले नाहीत, घुमली नाही. आम्हाला जेवायला हाक मारायची त्याच आवाजात म्हणाली. ज्योत खाली उतरायला लागली. कुठल्या क्षणी चटका बसतो हे मला आणि ताईला नेमकं ठाऊक होतं आणि तो क्षण येऊन गेला. आत्याच्या मानेच्या शिरा वर आल्या. ताई धावत आली, तर आत्यानं डावा हात आडवा धरून तिला थोपवलं. बाबा "बाई, फेक, फेक ते" म्हणत होते. आई दाराची चौकट धरून उभी होती. काका दुसरीकडे बघू शकत नव्हते, कारण विझेपर्यंत बघायचं हा त्यांचाच नियम होता. मला त्या वेळी त्यांचा इतका तिरस्कार वाटला की अजून आठवला तरी मुठी वळतात.

ती विझली. आत्यानं हात उलटा केला आणि उरलेली काजळी फरशीवर झटकली.

"शब्द राह्यला," बुवा म्हणाले.

काकांनी टोपी घातली. चहा तयार होता, घेतला नाही. उंबऱ्याशी वहाणा घालताना ते वळले, आणि खरं सांगायचं तर त्यांचा चेहरा दुखावलेला होता.

"मनात नव्हतं तं मले आधीच सांगाचं होतं ना वयनी."

"सांगतलं होतं," आत्या म्हणाली. "पोळ्याले सांगतलं, दिवाळीले सांगतलं. सयपाकघरातून सांगतलं होतं, म्हनून तुमाले आयकू नाही आलं."

काका गेले. कळमन्याच्या सोयऱ्यांना स्वतः जाऊन त्यांनी शब्द परत घेतल्याचं सांगितलं, हे मात्र मानलं पाहिजे. आत्या त्या घरी पुन्हा राहायला गेली नाही. ताईनं पुढच्या वर्षी बारावी दिली आणि त्यानंतरही ती गणितच करत राहिली.

त्या संध्याकाळी आत्याचा हात कापडात गुंडाळलेला होता. प्लांटच्या दवाखान्यातून बाबांनी मलम आणून दिलं होतं आणि मग ते ड्यूटीला गेले होते. उजवा हात अडकल्यामुळे मी तिला वरणभात भरवत होते. ती लहान मुलासारखी तोंड उघडत होती आणि मला तिच्या डोळ्यांत बघायचा धीर होत नव्हता. शेवटी मी विचारलंच.

"आत्या, त्या दिवशी तुले खरंच आजोबा वाटले?"

"वाटले ना," ती म्हणाली. "हप्ताभर मी बाशी बोलून राहिली होती. सयपाक करता करता, पानी भरता भरता. लय दिवसांनी भेटला होता."

मला घास उचलता येईना. तिनंच डाव्या हातानं माझं मनगट धरून तो तोंडाकडे नेला.

"अन् आज?" मी म्हणाले. "हात हलला नाही तुहा. आज आले होते ते?"

तिनं घास चावून गिळला. खोटं सांगू की खरं, असा विचार करत असावी. मग मान हलवली.

"नाही वं पोरी. आज कोनी नव्हतं आलं. मीच होती."